जुना कॅमेरा, लहान खोल्या आणि पांढऱ्याफट्ट खिडक्या

प्रश्न : घरं विकायला आणि भाड्याने द्यायला मदत करण्याचं काम मी अलीकडेच सुरू केलं आहे. जाहिरातीसाठी घराच्या आतले फोटो मीच काढते. माझ्याकडे जुना निकॉन डी९० आणि त्यासोबत आलेली १८-१०५ लेन्स आहे. फोटो अंधारे येतात. खिडक्या मात्र पांढऱ्याफट्ट होतात. भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात, एकाच खोलीत अर्धी भिंत पिवळी आणि अर्धी निळसर येते. लहान बेडरूम तर फ्रेममध्ये मावतच नाही. कॅमेऱ्यातला फ्लॅश लावला की सगळं आणखी बिघडतं. नवा कॅमेरा घ्यावा, की सरळ मोबाइलनेच काढावेत?

उत्तर : नवा कॅमेरा घेऊ नका. मोबाइलचा विचारही तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातली एकही तक्रार कॅमेऱ्याच्या वयामुळे आलेली नाही. डी९० आला २००८ साली. त्यानंतर कॅमेरे पुढे गेले ते मुख्यतः कमी उजेडात हातात धरून फोटो काढण्यात, पळणाऱ्या माणसावर फोकस टिकवण्यात आणि व्हिडिओत. तुमच्या कामाला यातलं काही लागत नाही, कारण खोली हलत नाही. तिला चार सेकंदांचं एक्स्पोजर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) दिलं तरी ती तशीच उभी असते. आणि ४२८८ बाय २८४८ पिक्सेल हा आकार जाहिरातीसाठी भरपूर आहे. तिथे फोटो साधारण २००० पिक्सेल रुंदीचाच दिसतो, त्यामुळे कडा कापायलाही मुबलक जागा उरते.

पैसे घालायचेच असतील तर आधी ट्रायपॉड, मग रुंद लेन्स (खोलीचा जास्त भाग एका फ्रेममध्ये धरणारी), त्यानंतर बाहेरचा फ्लॅश. ट्रायपॉड नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही, म्हणून तो पहिला. तो हलका आणि डगमगता नको. मधली दांडी वर न काढता निदान साडेचार फुटांपर्यंत पोचेल असा घ्या. दांडी वर काढली की कॅमेरा काठीच्या टोकावर बसवल्यासारखा थरथरतो.

ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला की या गोष्टी ठरवून टाका : आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, ऑटो आयएसओ बंद, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती), ॲक्टिव्ह डी-लायटिंग (सावल्या आपोआप उजळण्याची सोय) बंद, आणि लेन्सवरचं व्हीआरचं (हाताचा कंप भरून काढणाऱ्या सोयीचं) बटण बंद. २०० हा डी९०चा मूळ आयएसओ आहे, सगळ्यात स्वच्छ चित्र तिथेच मिळतं. व्हीआर विसरू नका. कॅमेरा स्थिर असताना ते चालू राहिलं तर कंप शोधण्याच्या नादात स्वतःच चित्र किंचित हलवतं आणि मग फोटो मऊ का आला हे कळत नाही. एफ/८च का, तर त्यात १८ मिमीवर (तुमची लेन्स सर्वात रुंद दाखवते तिथे) साधारण दोन मीटरवर फोकस ठेवला की एक मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/१६ वर आणखी स्पष्ट येईल असं वाटतं, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळं चित्रच थोडं बोथट होतं.

फोकससाठी दाराच्या चौकटीची किंवा कपाटाची ठळक कडा निवडा, मधल्या बिंदूने फोकस घ्या आणि लेन्सवरचं बटण एमवर (हाताने फोकस) सरकवा. अंधाऱ्या खोलीत दर क्लिकला कॅमेऱ्याला फोकस शोधायला लावलं तर कधी ना कधी तो चुकतोच.

डी९०मध्ये आरसा वर उडाल्याचा धक्का बसतो, आणि तो १/१५ ते १ सेकंद या वेगांना सर्वात जास्त जाणवतो. घराच्या आतले बरेचसे एक्स्पोजर नेमके याच टप्प्यात येतात. कस्टम सेटिंगच्या मेन्यूत डी१० क्रमांकावर ‘एक्स्पोजर डिले मोड’ आहे, तो चालू करा. आरसा वर जातो, सुमारे एक सेकंद थांबतो, धक्का विरतो आणि मग शटर उघडतं. जोडीला वायरचा रिमोट लावा. या कॅमेऱ्याला एमसी-डीसी२ चालतो. जमीन लाकडी असेल तर क्लिक होत असताना जागचं हलू नका, पावलाचा कंप ट्रायपॉडच्या पायांतून थेट वर चढतो.

आता अंधाराकडे येऊ. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या दृश्याचा उजेड मोजतो. फ्रेममध्ये खिडकी असली की ‘इथे फार उजेड आहे’ असं समजून तो एक्स्पोजर कमी करतो आणि खोली काळवंडते. हे कारण बहुतेकांना माहीत असतं. दुसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रायपॉडवर काम करताना तुम्ही डोळा व्ह्यूफाइंडरपासून दूर नेता, मग मागून त्या छोट्या भिंगातून उजेड आत शिरतो आणि मीटर आणखी फसतो. तुमच्या पाठीमागेच खिडकी असेल तर फरक चांगलाच जाणवतो. व्ह्यूफाइंडरवर बसवायचं प्लास्टिकचं छोटं झाकण मिळतं, ते लावा, नाहीतर काळ्या कापडाचा तुकडा टाका. याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेऱ्याचा एम मोड, ज्यात शटरचा वेळ आणि छिद्र तुम्हीच ठरवता. एक्स्पोजर एकदा तुम्ही ठरवलं की मीटर फसण्याचा प्रश्नच राहत नाही.

खिडकीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण या कामातली निम्मी डोकेदुखी तिथेच आहे. आयएसओ २०० आणि एफ/८ वर लख्ख उन्हातल्या दृश्याला लागतो १/८०० सेकंद. त्याच वेळी आतल्या खोलीला साधारण १ सेकंद लागू शकतो. म्हणजे ८०० पट फरक, जवळजवळ साडेनऊ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका क्लिकमध्ये हे दोन्ही नीट धरायला गेलात की एकाचा बळी जातोच. रॉ फाइलमधून अंधार उजळता येतो हे खरं, पण डी९०च्या गडद भागांतून तीन-चार स्टॉप ओढून काढले की रंगीत कण वर येतात आणि पांढरी भिंत मळकट दिसते.

त्यासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकदमच वापरायच्या. पहिली वाट वेळेची. दाट ढगांच्या दिवशी त्याच बाहेरच्या दृश्याला १/१०० लागतो, म्हणजे फरक तीन स्टॉपनी कमी झाला. ऊन असेल तर ज्या बाजूला ते थेट पडत नाही त्या बाजूच्या खोल्या आधी उरका आणि सूर्य फिरला की उरलेल्या घ्या. घरमालकांशी वेळ ठरवण्याआधीच कुठल्या खोलीत ऊन कधी येतं हे विचारून ठेवा.

दुसरी वाट ब्रॅकेटिंगची, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने लागोपाठ घेण्याची. डाव्या बाजूचं बीकेटी बटण दाबून ठेवा, मागची चकती फिरवून ३एफ (तीन फ्रेम) आणा, पुढची चकती फिरवून अंतर २.० करा. आता लागोपाठच्या तीन क्लिकमध्ये दोन-दोन स्टॉपचा फरक पडेल. एकदा मेन्यूत जाऊन ब्रॅकेटिंग फक्त एक्स्पोजरवर ठेवलंय ना, हेही पाहा. खिडकीत ऊन असेल तर तीन क्लिक पुरत नाहीत. अशा वेळी एम मोडमध्ये शटर १/६० वर ठेवून तीन घ्या : १/२५०, १/६० आणि १/१५ मिळतील. मग शटर १ सेकंदावर आणून पुन्हा तीन : १/४, १ आणि ४. अशा सहा फ्रेममध्ये बाहेरच्या झाडापासून पलंगाखालच्या सावलीपर्यंत सगळं येतं. शटर बदलताना चकतीला अगदी हलका हात लावा. कॅमेरा केसभर सरकला तरी नंतर फ्रेम एकमेकींवर बसवताना कडा दुहेरी दिसतात. क्लिक चालू असताना पंखा बंद हवा आणि पडदा हलता नको, नाहीतर सहा फ्रेममध्ये त्यांची सहा रूपं उमटतील.

१/८०० च्या जागी १/२५० का धरला? त्याने बाहेरचं दृश्य दीड-पावणेदोन स्टॉप उजळ येतं आणि ते तसंच यायला हवं. घरात उभं राहून बाहेर पाहिलं की बाहेरचं जग उजळच दिसतं. खिडकीतलं दृश्य खोलीइतकंच गडद केलं तर भिंतीवर पोस्टर चिकटवल्यासारखं वाटतं. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण फोटोवरचा विश्वास उडतो.

पिवळी-निळी भिंत ही मिसळलेल्या उजेडाची करामत. पिवळसर बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर), दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, थंड पांढरी ट्यूब ६५०० ची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी, सगळ्या फोटोला एकच लागू होतो. बल्बच्या बाजूची भिंत पांढरी केली की खिडकीकडची निळी पडते, तिला सुधारलं की पहिली केशरी होते. आमचं मत स्पष्ट आहे : दिवसा खिडकीचा उजेड पुरेसा असेल तर आतले सगळे दिवे बंद करा. जुन्या डी९०ला अर्ध्या अंधाऱ्या खोलीत चार सेकंद देणं सोपं आहे, मिसळलेले रंग वेगळे करणं महाकठीण. दिवे लावलेले हवेच असतील, उदाहरणार्थ छतातली सजावटीची रोषणाई दाखवायची असेल, तर सांजवेळ गाठा. बाहेरचा उजेड उतरलेला असतो, खिडकीचा आणि खोलीचा फरकही आपोआप कमी होतो. एकाच खोलीत एक पिवळा आणि एक पांढरा बल्ब असेल तर फोटोपुरता एक काढून ठेवा. दर खोलीत पहिल्या फ्रेमच्या आधी राखाडी कार्ड किंवा शाईचा डाग नसलेला पांढरा कागद धरून एक क्लिक घ्या. नंतर रॉमध्ये त्यावर टिचकी मारून व्हाइट बॅलन्स घ्यायचा आणि त्या खोलीच्या सगळ्या फोटोंना लावायचा.

भिंती मागे कलतात, कारण छत किंवा जमीन फ्रेममध्ये घेण्यासाठी तुम्ही कॅमेरा वर-खाली झुकवता. गवंडी भिंत ओळंब्यात धरतो, तसा तुम्ही कॅमेऱ्याचा सेन्सर ओळंब्यात धरायचा. तो सरळ उभा असेल तर उभ्या रेषाही उभ्याच येतील. फ्लॅशच्या खाचेत बसणारी बारीक पाणसळ मिळते, ती घ्या. डी९०मध्ये कृत्रिम क्षितिज नाही, पण व्ह्यूफाइंडरमध्ये जाळीच्या रेषा दाखवायची सोय आहे, तीही चालू करा. रेषा जुळवताना मधल्या दारावर जुळवू नका, फ्रेमच्या दोन्ही टोकांजवळचे कोपरे पाहा, कल सर्वात आधी तिथेच दिसतो.

मग छत जास्त आलं तर? झुकवू नका, कॅमेराच खाली घ्या. साधारण खोलीत चार ते साडेचार फूट उंची ठीक पडते. बेडरूममध्ये साडेतीन फूट, म्हणजे पलंगाचा पृष्ठभाग दिसतो पण तो उतारावर ठेवल्यासारखा वाटत नाही. स्वयंपाकघरात ओट्याची वरची बाजू दिसली पाहिजे आणि भिंतीवरच्या कपाटांचा तळ दिसता कामा नये. ही उंची बहुतेक चार-सव्वाचार फुटांवर सापडते. डोळ्यांच्या उंचीवरून, उभ्याउभ्या काढलेले फोटो जमीन फार दाखवतात आणि खोली बुटकी करतात.

लहान बेडरूम न मावण्याबद्दल मात्र तुमची तक्रार अगदी रास्त आहे. डी९०चा सेन्सर लहान असल्यामुळे १८ मिमीवर आडवा कोन सुमारे ६६ अंशांचा मिळतो. दहा फुटांची भिंत पूर्ण घ्यायला तुम्हाला साडेसात फूट मागे जावं लागतं, आणि तितकी जागा लहान खोलीत नसते. १२ मिमीला कोन होतो ८९ अंश आणि तीच भिंत पाच फुटांवरून येते. जुन्या कॅमेऱ्यापेक्षा लेन्स महाग म्हणजे नाकापेक्षा मोती जड वाटेल, पण या कामात लेन्सवर घातलेला पैसा कॅमेऱ्यावर घातलेल्या पैशापेक्षा कैकपट जास्त दिसतो. वापरलेली लेन्सही चालेल.

ती घेताना एक फसगत टाळा. निकॉनची नवी १०-२० मिमी व्हीआर लेन्स हलकी आहे आणि परवडते, पण ती एएफ-पी जातीची आहे आणि डी९०वर चालत नाही. नुसता ऑटोफोकसच जातो असं नाही. तिचं फोकसचं कडंसुद्धा विजेवर चालतं, त्यामुळे हातानेही फोकस करता येत नाही. लेन्स कॅमेऱ्यावर व्यवस्थित बसते, म्हणून दुकानात शंका येत नाही. डी९०ला निकॉनची १०-२४ किंवा जुनी १२-२४, सिग्माची १०-२० एचएसएम, नाहीतर टोकिनाची ११-१६ बघा. टोकिनाच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही, पण डी९०च्या अंगातच मोटर असल्याने ती व्यवस्थित फोकस करते. त्याच वयाच्या काही लहान निकॉन कॅमेऱ्यांना हे जमत नाही, तेव्हा इथे तुमचा जुना गडी उजवाच ठरतो.

रुंद लेन्स हाती आली की १० मिमीचा मोह आवरा. १० मिमीवर फ्रेमच्या कडेची प्रत्येक वस्तू ताणली जाते. कोपऱ्यातला गोल दिवा अंड्यासारखा होतो, कॅमेऱ्याजवळची खुर्ची सोफ्याएवढी दिसते आणि पलीकडची भिंत पार लांब जाते. खोली १२ ते १६ मिमीत बसवायचा प्रयत्न करा. तरीही पुढची वस्तू अंगावर येत असेल तर ती फूटभर मागे सरकवा. मागे जायला जागा कमी असेल तर ट्रायपॉडचे दोन पाय भिंतीला लावा आणि तिसरा पुढे. उलट ठेवलात तर एक पाय मागे निघून तुमची फूटभर जागा खातो. दारात कॅमेरा लावायला हरकत नाही, फक्त चौकट फ्रेममध्ये नको. डी९०चा व्ह्यूफाइंडर सुमारे ९६ टक्केच दृश्य दाखवतो, म्हणून कडेला न दिसलेली चौकट फोटोत हमखास डोकावते. क्लिकनंतर स्क्रीनवर चारही कडा तपासा.

लेन्स येईपर्यंत काय? मोठ्या खोलीसाठी कॅमेरा उभा करून, १८ मिमीवर, डावीकडून उजवीकडे तीन-चार फ्रेम घ्या. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स सगळं हाताने बांधलेलं हवं, आणि दर फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा तिसरा भाग आला पाहिजे. ह्यूगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या जोडता येतात. जोडताना रेक्टिलिनिअर (सरळ रेषा सरळच ठेवणारं) प्रक्षेपण निवडा, नाहीतर सरळ भिंत धनुष्यासारखी वाकेल. पुढे काही फर्निचर असेल तर मात्र ही युक्ती दगा देते. कॅमेरा ट्रायपॉडवर फिरताना लेन्सची जागा बदलते, आणि जवळची खुर्ची व मागची भिंत यांचं नातं दर फ्रेमला वेगळं येतं. त्यामुळे बेडरूमसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

कॅमेऱ्यातला फ्लॅश सरळ विसरा. तो जवळच्या वस्तू पांढऱ्या करतो, मागे काळी सावली टाकतो आणि रुंद लेन्स असेल तर लेन्सचीच सावली खाली अर्धगोल होऊन पडते. बाहेरचा फ्लॅश, समजा एसबी-६००, मिळाला तर त्याचं डोकं वर आणि थोडं मागे वळवा, म्हणजे उजेड छतावरून आणि मागच्या भिंतीवरून पसरून येईल. मॅन्युअलवर अर्ध्या शक्तीपासून सुरुवात करा आणि फोटो बघून कमी-जास्त करा. कमी पडला तर आयएसओ ४०० पर्यंत खुशाल जा. शटर १/२०० पेक्षा वेगवान नको, नाहीतर फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा येतो. छत पांढरं असेल तरच हे करा. फिकट हिरवं छत सगळ्या खोलीला हिरवट करून ठेवतं. फ्लॅशचा खरा फायदा अंधाऱ्या बोळात, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये आणि जिथे मिसळलेले दिवे बंद करता येत नाहीत तिथे. बाकी ठिकाणी ब्रॅकेटिंग पुरतं.

खोली आवरण्याबद्दल फार सांगायला नको : कमोडचं झाकण बंद, टॉवेल बाजूला, पडदे दोन्हीकडे सारखे, वायरी मागे. पण लोकांच्या खासगी गोष्टी आवर्जून बघा. कुटुंबाचे फोटो, टेबलावरची बिलं, औषधं, भिंतीवरचं खुणा केलेलं कॅलेंडर, आणि विशेषतः खुंटीला टांगलेल्या किल्ल्या. स्पष्ट फोटोवरून किल्लीच्या दातांचा आकार ओळखता येतो. जाहिरात कोणीही पाहू शकतो, आणि त्या घरात अजून माणसं राहत असतात. आरशात आणि बंद टीव्हीच्या काचेत तुम्ही दिसत नाही ना, हेही पाहा.

कॉम्प्युटरवर बसल्यावर निकॉनचं मोफत एनएक्स स्टुडिओ किंवा डार्कटेबल, रॉथेरपी यांपैकी एक वापरा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लेन्सची वक्रता काढा : १८-१०५ लेन्स १८ मिमीवर सरळ रेषेला चांगलाच पोटासारखा फुगवटा देते. तो तसाच ठेवून उभ्या रेषा जुळवायला गेलात तर मध्यभाग जुळेल तेव्हा टोकं सुटतील. वक्रता गेली की उभ्या रेषा सरळ करा आणि क्रॉप शेवटी. ब्रॅकेट केलेल्या फ्रेम एकत्र करायला ह्यूगिनसोबत येणारं एनफ्यूज उत्तम. ते दर फ्रेममधला नीट उजळलेला भाग निवडतं, त्यामुळे एचडीआरमध्ये (कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम एकत्र करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत) दिसणारी भडक, धुरकट कडांची चित्रं होत नाहीत. खिडकीच्या चौकटीभोवती पांढरं वलय दिसू लागलं तर समजा परिणाम जास्त झाला. शेवटी लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (स्क्रीनसाठीची रंगपद्धत), जेपेगचा दर्जा ८० ते ८५. बऱ्याच ठिकाणी फोटो ३:२ ऐवजी ४:३ मध्ये कापून दाखवतात, त्यात रुंदीचा नववा भाग जातो. म्हणून महत्त्वाची वस्तू अगदी कडेला ठेवू नका.

पुसायचं काय आणि काय नाही, यावर आम्ही ठाम आहोत. सेन्सरवरच्या धुळीचा डाग पुसा, चुकून राहिलेली वायर पुसा. भिंतीवरची ओल, फरशीची चीर, खिडकीसमोरचा विजेचा खांब यांना हात लावू नका. घर बघायला आलेला माणूस पहिल्या मिनिटात ते पाहणारच, आणि मग बाकीच्या खऱ्या फोटोंवरही त्याचा विश्वास राहणार नाही. रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर फर्निचर मांडलं असेल तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा.

राहिली कॅमेऱ्याच्या वयाची खरी दुखणी. ती थोडी आहेत आणि आवरता येण्यासारखी आहेत. धूळ हे पहिलं : एफ/८ वर पांढऱ्या भिंतीत राखाडी ठिपके दिसतात. एकसारख्या उजळ आकाशाचा, फोकस बिघडवून, एफ/१६ वर एक फोटो काढा, म्हणजे ठिपके मोजता येतील. कॅमेऱ्यातली सेन्सर सफाई चालवा, तरी राहिले तर लेन्स काढून, आरसा वर धरणारा पर्याय निवडून, कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने हवा मारा. दाबाच्या डब्यातली हवा कधीच नको, तिच्यातले थेंब सेन्सरवर बसतात. बॅटरीसाठी सेटअप मेन्यूत ‘बॅटरी इन्फो’ पाहा. त्यात बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ आलं असेल तर ती पूर्ण चार्ज दाखवूनही तिसऱ्या खोलीत मान टाकू शकते, म्हणून बदला आणि जास्तीची एक जवळ ठेवा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी घ्या. त्यावरची एसडीएक्ससी कार्डं या कॅमेऱ्यासाठी बनलेली नाहीत. एका घराच्या २० फ्रेम, प्रत्येकी सहा क्लिक म्हणजे १२० फाइल. सुमारे दीड जीबीत काम होतं, ८ जीबीचं कार्डही भरपूर. शटर निकॉनने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. दर घरी १२० धरले तर आठशेहून जास्त घरं होतात. वापरलेल्या कॅमेऱ्यात त्यातले किती आधीच खर्च झालेत, ते फोटोच्या फाइलमधल्या माहितीतून शटर काउंट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने पाहून घ्या.

मागच्या स्क्रीनवर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीत ती आहे त्याहून उजळ भासते आणि घरी आल्यावर फोटो काळे निघतात. हिस्टोग्राम (गडद भाग डावीकडे, उजळ भाग उजवीकडे दाखवणारा आलेख) बघा, आणि जळालेले भाग लुकलुकून दाखवणारा पर्याय चालू ठेवा. सहा फ्रेममधल्या सर्वात गडद फ्रेममध्ये खिडकी लुकलुकत नसेल आणि सर्वात उजळ फ्रेममध्ये पलंगाखालचा भाग हिस्टोग्रामच्या डाव्या भिंतीला चिकटलेला नसेल, तर त्या खोलीचं काम झालं, पुढच्या खोलीत जा.

शेवटची खोली झाली की बीकेटी बटण दाबून ०एफ करा आणि लेन्सचा फोकस पुन्हा ऑटोवर न्या. डी९० कॅमेरा बंद करूनही ब्रॅकेटिंग लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी घराचा दर्शनी फोटो घ्यायला गेलात की एक नीट, एक काळा आणि एक पांढरा अशी मालिका सुरू होते, आणि कॅमेराच बिघडला असं वाटून माणूस घाबरतो.